दुरुस्तीसाठी घर मूळ खोक्यासह आणावे

सुदेशच्या घराचा वॉरंटीचा दावा मंजूर झाला. वाचकांनी हे वाक्य वाचलेलेच नाही असे समजावे. सुदेशही तसेच समजतो.

वॉरंटी ही एका माणसाने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासाची लेखी खूण असते. विश्वास पहिल्या अर्ध्या पानात मावतो. अपवादांना उरलेली अकरा पाने लागतात.

हे सुदेशइतके कुणालाच ठाऊक नव्हते. कुवेतमध्ये अर्दियाच्या गोदामांमागे एसी दुरुस्तीचे केंद्र आहे. तिथल्या वॉरंटीच्या खिडकीत तो बसतो. चार वर्षांत त्याच्यापुढे एक हजार एकशे चव्वेचाळीस दावे आले. एक हजार एकशे बेचाळीस त्याने नाकारले. (उरलेले दोन मंजूर झाले त्या दिवशी तो तापाने झोपून होता.) एसीत धूळ सापडली की 'ग्राहकाचा निष्काळजीपणा', नाही सापडली की 'ग्राहकाने यंत्र उघडून पुसल्याचा संशय'. अपवादांची ही यादी त्याने स्वतः रचली होती.

कुवेतच्याच महबूला भागातल्या एका हॉटेलात कोकणातल्या घरांचे प्रदर्शन भरले. देवरूखचा फ्लॅट विकायला आलेल्या धैर्यशीलकडे रंगीत माहितीपत्रक होते, पोहण्याच्या तलावाचे चित्र होते (तलाव नव्हता), पण वॉरंटीचा कागद नव्हता. सुदेशने हटकताच तो म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं लिहिणारा माणूस आमच्याकडे असता तर काय पाहिजे होतं?"

कुवेतमध्ये सुदेशला 'साहेब' म्हणणारा हा पहिलाच माणूस. त्याने आपली यादी तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवून दिली. धैर्यशीलने 'एसी' खोडून सगळीकडे 'घर' घातले. सुदेशने तीन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि फ्लॅटच्या करारावर सही ठोकली. (स्वतःचे लिखाण पुन्हा कोण वाचतो?)

सुदेश दहा वर्षे कुवेतमध्ये, त्याची बायको मुक्ता दहा वर्षे दिराच्या माडीवर. यंदाचा गणपती आपल्याच घरात बसणार, असे तिने सगळ्या वाडीला सांगून ठेवले होते. जूनमध्ये किल्ली मिळाली. जूनमध्येच फोन आला.

"अहो, बाथरूमचं पाणी जाळीकडे जातच नाही. सगळं हॉलात येतंय."

"किती येतंय?"

"गणपती बसवला तर त्याच दिवशी विसर्जन होईल, एवढं."

"तू आत पाणी ओतलंस का?"

"बाथरूममध्ये मग काय ओतायचं?"

"म्हणजे वापर झालाय," सुदेश सवयीने म्हणाला.

मुक्ताने फोन ठेवला.

सुदेशने रीतसर दावा लावला. तीन आठवड्यांनी उत्तर आले: दावा मंजूर, अटी लागू. खोलीतला सोबती नौमान, मूळचा दापोलीचा, अटी मोठ्याने वाचू लागला.

"कलम सात. घर उन्हापासून दूर ठेवावे. कलम नऊ. घरात दर दोन वर्षांनी गॅस भरून घ्यावा. कलम अकरा. दुरुस्तीसाठी घर मूळ खोक्यासह आमच्या केंद्रात स्वतः आणून द्यावे." त्याने चष्मा वर केला. "सुदेश, खोका ठेवलायस ना रे?"

सुदेशने कागद आपल्याकडे ओढला.

"कुणी लिहिलंय रे हे?"

"फार हुशार माणूस आहे," सुदेश म्हणाला.

रात्रभर त्याने कागदात पळवाट शोधली. कुठेच नव्हती. इतका निर्दोष मसुदा आयुष्यात पुन्हा जमणार नाही, या विचाराने त्याला थोडे भरूनही आले. सकाळी खिडकीवर एक गृहस्थ एसी घेऊन आले. खोका नव्हता. सुदेशने दावा नाकारला. नियम सर्वांना सारखा.

मुक्ताने बाथरूमच्या दाराशी विटांचा बांध घातला आहे, आणि आराशीचे सामान पुन्हा दिराच्या माडीवर नेऊन ठेवले आहे.

तरी, दोन खोल्या, हॉल व किचन मावेल असा खोका ज्या वाचकांकडे असेल, त्यांनी तो चतुर्थीपूर्वी देवरूखला पोचवावा, ही नम्र विनंती. सोबत आपल्या स्वतःच्या घराचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याचा पुरावा जोडावा. पुराव्याशिवाय आलेले खोके स्वीकारले जाणार नाहीत.