चाकाचे मानकरी

चाक लावायला एक माणूस पुरतो. काढायला गाव लागतं. हे सत्य जगाला फार उशिरा कळलं आणि ते शोधून काढण्याचं श्रेय शिरूर तालुक्यातल्या खैरमाळ या गावाला द्यावं लागेल. शेजारी इनामगावात पुण्याचे विद्वान लोक जमीन उकरून तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली आणि रांजण बाहेर काढत होते, त्याच सुमारास खैरमाळात पोपटरावांच्या जीपचं पुढचं उजवं चाक काढायचं काम सुरू झालं. दोन्ही कामं चिकाटीची. इनामगावचं काम बरंच पुढं गेलं.

पोपटराव चाळीस एकरांचे धनी. बहात्तर साली त्यांनी लष्करी लिलावातून जीप आणली. खैरमाळातली ती पहिली जीप, आणि त्या वेळेपुरती शेवटचीही. जीपबरोबर लष्कराचं एक पुस्तक फुकट मिळालं होतं. चाक बदलायला ‘जवान एक, वेळ सात मिनिटं’ असं त्यात स्वच्छ छापलं होतं. पोपटरावांनी ते हेडमास्तरांकडून वाचून घेतलं आणि तेव्हापासून चाक घरच्या घरी काढायचं, शिरूरच्या मेस्त्रीच्या पाया पडायचं नाही, असा बाणा धरला. पुस्तक खोटं नव्हतं. फक्त जवानाच्या भोवती गाव नसतं, एवढं छापायचं राहून गेलं होतं.

पोपटरावांच्या पत्नी कस्तुराबाई. माहेर दौंडचं. जीप येण्याआधी त्या वर्षातून चार वेळा एस्टीनं माहेरी जात. जीप आल्यावर दोन वर्षांत त्यांच्या एकूण खेपा शून्य. कारण अगदी सरळ आहे. दारात जीप असताना बायकोनं एस्टीनं जाणं शोभत नाही, आणि जीप तर या ना त्या कारणानं दारातून हलत नाही. (वाहनामुळे अंतर कमी होतं असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर अभ्यासावेत.)

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत दौंडला नेत्रशिबिर भरलं आणि त्यात कस्तुराबाईंच्या आईचं, साखरबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी आठव्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता सोडणार होते. साखरबाईंनी कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं: ‘पट्टी सुटल्यावर पयलं तोंड माज्या कस्तुराचं दिसावं. दुसरं काय बी नको.’ कस्तुराबाईंनी ते कार्ड चुलीमागच्या फळीवर टेकवून ठेवलं आणि भाकरी थापताना रोज वाचलं. पोपटरावांनीही वाचलं. त्यांना सासूबद्दल खरोखर माया होती. ‘रविवारी जीपनंच जायचं,’ असं त्यांनी जाहीर केलं, आणि इथंच सगळं बिनसलं.

रविवारी सकाळी आठ वाजता कस्तुराबाई हिरवं लुगडं नेसून, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या. पुढचं उजवं चाक बसलेलं निघालं. पंक्चर. मागं टांगलेलं जादा चाक चांगलं होतं. पोपटरावांनी जॅक लावला, दांडा फिरवून जीपचं एक अंग उचललं (कस्तुराबाईंसकट), पाना घेतला आणि पहिल्या नटाला लावला. एवढ्यात सरपंच मारुतराव रस्त्यानं चालले होते ते थांबले.

“पोपटराव, एकलंच?” मारुतरावांनी विचारलं.

हा प्रश्न साधा नाही. आपल्याकडे एकट्यानं जेवलं तर चालतं, एकट्यानं मेलं तरी लोक समजून घेतात. पण एकट्यानं मान घेणं हा गुन्हा आहे.

“गावातली पयली जीप,” मारुतराव म्हणाले, “तिचं पयलं चाक निघतंय. आन् गावाला सांगावा न्हाई?”

पोपटरावांनी पाना खाली ठेवला. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, जत्रेत नारळ कुणाचा, हे सगळं जिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, तिथं चाकाचं कुणी ठरवलंच नव्हतं. ही केवढी चूक होणार होती! त्यांनी मारुतरावांचे आभार मानले आणि ओट्यावर सतरंजी टाकायला सांगितली.

साडेनवाला मंडळी जमली. चाकाला नट पाच, हे गावाचं नशीबच म्हणायचं, कारण गावात मानकरीही पाचच होते. पहिला नट रखमाजी आबांचा, पाटीलकी त्यांच्या घराण्यात म्हणून. दुसरा सरपंचांचा. तिसरा सोसायटीच्या चेअरमनचा. चौथा, नियोजित साखर कारखान्याच्या नियोजित डायरेक्टरांचा. (कारखाना अजून व्हायचा होता, डायरेक्टर झाले होते.) पाचवा हेडमास्तरांचा, कारण पुस्तक त्यांनी वाचून दाखवलं होतं. सगळं कसं जमून आलं होतं, तोच दूध डेअरीचे चेअरमन आले. आता सहावा नट आणायचा कुठून? वातावरण तापलं. लष्करानं चाकाला सहा नट का दिले नाहीत, यावर कडक शब्दांत बोललं गेलं. शेवटी डेअरीच्या चेअरमनना जॅकचा दांडा मानानं देण्यात आला. तो नटापेक्षा लांब असल्यानं ते खूश झाले आणि दांडा काखेत धरून बसले.

मग नट निघाले. प्रत्येक नटाला एक नारळ फुटला. प्रत्येक मानकऱ्यानं पाना धरला, पोपटरावांच्या गड्यानं जोर लावला आणि नट सुटल्यावर मानकऱ्यानं तो कपाळाला लावून उपरण्याच्या गाठीत बांधला. एकूण नट पाच, नारळ पाच, भाषणं सात (पैकी आभाराची दोन), चहा दोन वेळा. वेळ एक तास पन्नास मिनिटं. लष्करापेक्षा एक तास त्रेचाळीस मिनिटं जास्त लागली हे खरं, पण लष्करात कुणी कुणाचे आभार मानत नाही.

पाचवा नट निघाला, टाळ्या झाल्या आणि सगळ्यांनी चाकाकडं पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

नट नाही, आधार नाही, तरी ते आपल्या जागी घट्ट. गंजानं ते आसाच्या टोकाच्या गाडग्याला चिकटून बसलं होतं. मंडळींना आधी राग आला, मग थोडा आदरही वाटला. सत्तेवर बसलेला माणूस इतका घट्ट बसलेला त्यांनी पाहिला होता, चाक प्रथमच पाहत होते.

“अवं, साडेअकरा वाजलं,” जीपमधून कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं विषयपत्रिकेवर नव्हतं.

त्याच वेळी रस्त्यानं ज्ञानदेव चालला होता. ज्ञानदेव बौद्धवाड्यातला, दौंडला रेल्वेत फिटर, सुट्टी संपवून कामावर निघालेला. इंजिनांची चाकं हाताळत त्याची बारा वर्षं गेली होती. त्यानं रस्त्यावरूनच एकदा जीपकडं पाहिलं.

“पोपटराव, नट पुन्ना लावा,” तो म्हणाला. “दोन-दोन आटं, सैल. जॅक खाली घ्या आन् गाडी धा फूट म्होरं, धा फूट मागं घ्या. गाडीच्या वजनानंच चाक सुटंल. मंग जॅक लावून काढा. पाच मिन्टाचं काम हाय.”

हे कुणाला ऐकू आलं नाही. खैरमाळात आवाजाचा एक नियम आहे: ओट्यावरून बोललेलं साऱ्या गावाला ऐकू जातं, रस्त्यावरून बोललेलं ओट्यापर्यंत पोचत नाही. ज्ञानदेवाला ओट्यावर या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता जाणाऱ्यांतला तो नव्हता. पोपटरावांना मात्र ऐकू आलं. ते ओट्याच्या कडेला होते. पण पाच मानकरी बसलेले असताना सहाव्याचं ऐकायचं म्हणजे डेअरीच्या चेअरमनना काय वाटेल, या विचारात ते पडले. ज्ञानदेव थोडा वेळ थांबला आणि फाट्यावरच्या एक वाजताच्या एस्टीला अजून अवकाश होता म्हणून समोरच्या वडाखाली जरा टेकला.

पुढच्या तासात शास्त्रशुद्ध उपाय झाले. चाकाला लाथा मारल्या (एकूण चौतीस, त्यांतली एक रखमाजी आबांची, मानाची, चप्पल काढून). रॉकेल ओतलं. उकळतं पाणी ओतलं. घण घातला, तो चाकाला लागायच्या ऐवजी मडगार्डाला लागला. शेवटी कासरा बांधून बैलजोडी जुंपली. बैलांनी एक हिसका दिला, कासरा तुटला आणि बैल थेट गोठ्यात गेले. साऱ्या सभेत आपल्या कामाशी काम ठेवणारे तेवढेच. एवढं होईपर्यंत कस्तुराबाई तिरक्या जीपमध्ये डबा धरून तिरक्याच बसल्या होत्या.

बारा वीसला हेडमास्तर उठले. त्यांनी चष्मा पुसला. “माझ्या मनात एक विचार आला आहे,” ते म्हणाले. “नट सैलसर पुन्हा लावावेत आणि गाडी थोडी पुढंमागं घ्यावी.”

ओटा दणाणला. काय डोकं! शेवटी शिक्षण ते शिक्षण! हेडमास्तरांच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं पास झाला. वडाखालून ज्ञानदेवानं एकदा इकडं पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली.

अंमलबजावणीत मात्र काही किरकोळ अडचणी आल्या. नियोजित डायरेक्टर आपला नट घेऊन नियोजित मीटिंगसाठी शिरूरला गेले होते. “चार नटांवर भागंल की,” गडी म्हणाला. मारुतरावांनी त्याला समजावलं, की चार नटांवर चाक चालेल, पण चार मानकऱ्यांवर गाव चालत नाही. शिवाय काढलेला नट परत लावणं म्हणजे मान परत करणं. रखमाजी आबांनी उपरण्याची गाठ मुठीत धरली आणि म्हणाले, “माज्या घराण्यात मिळाल्याला मान कुनी माघारी दिल्याला न्हाई. पार पेशवाईपासनं.” जॅक उतरवायला दांडा लागतो, हेही लक्षात आलं, डेअरीच्या चेअरमननी तो केव्हाच घरी पाठवून देवघरात ठेवला होता.

तेव्हा असं ठरलं, की नट परत लावण्याच्या मानाचा स्वतंत्र विचार व्हावा, त्यासाठी उपसमिती नेमावी, आणि उपसमितीत कोण असावं हे ठरवायला आहे तीच मंडळी जेवून परत बसावीत.

कस्तुराबाई जीपमधून उतरल्या. उंच बाजूनं उतरावं लागलं, लुगडं सावरत. त्या ओट्यापाशी आल्या आणि पोपटरावांना म्हणाल्या, “म्या जाते.”

“कशानं?”

“एस्टीनं.”

“अगं, लोक काय म्हनतील?”

“लोक हितंच बसल्यात. त्यास्नी ठावंच व्हनार न्हाई,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि वडाकडं वळल्या. “ज्ञानदेवभाऊ, एकची गाडी गावंल का?”

“गावंल वहिनी, चला बिगीबिगी. डबा द्या हिकडं.”

दोघं फाट्याच्या वाटेला लागलेली पोपटरावांनी पाहिली. उठावं, चार ढांगांत गाठावं, आपणही एस्टीत बसावं, सासूबाईंना आपलंही तोंड दाखवावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. ते अर्धे उठलेही. पण तेवढ्यात मारुतरावांनी यजमानांच्या आभाराचा ठराव मांडला, आणि स्वतःच्या आभाराला माणूस गैरहजर कसा राहील? ते बसले.

कस्तुराबाई चौथ्या दिवशी परत आल्या. पोपटरावांना वाढताना त्यांनी आपण होऊन सांगितलं.

“चारला धा कमी असताना पोचले. पट्टी सोडली. आई लई येळ माज्याकडं बघत बसली. मंग डोक्यावरनं हात फिरवला आन् म्हनली, ‘कस्तुरा, केस पिकलं की गं तुजं. दोन वर्सं कुटं हुतीस?’”

पोपटरावांनी घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “जीपचं काय इचारलं का त्यांनी?”

“न्हाई,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि आमटी वाढली.

याला आता पाच वर्षं झाली. कस्तुराबाई दर महिन्याला एस्टीनं दौंडला जातात. पोपटराव जात नाहीत. जीप उचललेली आहे, तिच्यापाशी कुणीतरी लागतं. दरवर्षी जानेवारीत त्या तिथीला मानकरी आपापला नट घेऊन येतात, सतरंजी पडते, दांडा वाजत-गाजत आणतात, उपसमितीचा अहवाल वाचला जातो. रखमाजी आबा वारले, त्यांचा नट थोरल्या मुलाकडं आला. धाकट्यानं त्यावर कोर्टात दावा लावला आहे. आजूबाजूच्या गावांतूनही लोक येतात आणि ओट्याखाली उभे राहून चाकाकडं बघतात.

साखरबाईंचा डोळा उत्तम आहे. त्यांना लेकीचं तोंड दिसलं, वेळेवर दिसलं. या कथेत अडलेलं काम तेवढं एकच होतं आणि ते झालं. कथा खरं तर तिथंच संपली. तरीही ज्या वाचकाच्या मनात अजून ‘ते सगळं ठीक, पण चाक शेवटी निघालं का?’ असा प्रश्न घोळत असेल, त्यानं आपलं नाव-पत्ता खैरमाळ ग्रामपंचायतीकडं कळवावा. ओट्यावर त्याची जागा राखून ठेवली आहे.