ओककाकांची चौथी भेट

ओककाका व्हिजिटिंग कार्ड द्यायचे ते दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून, देवाला फूल वाहावं तसं. किराणा दुकानातल्या कॅशियर मुलीलाही त्यांनी दिलं. तिनं त्यात च्युइंगम गुंडाळलं, आणि काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

अमेरिकेत, सांता क्लारात आमच्या खालच्या मजल्यावर ते मुलाकडे आले होते, सहा महिन्यांसाठी. बारा वर्षं ओसाकात इंजिनिअर, रिटायर झाल्यावर पुण्यात चित्रकार. परत जाण्याआधी इथल्या आर्ट गॅलरीत आपलं एक चित्र लागलंच पाहिजे, हा एकच ध्यास. मी डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली, त्यात ड्रायव्हिंग येणारी. मग काय, नकाशाची प्रिंटआउट घेऊन आमची स्वारी निघाली!

पहिल्या भेटीत कामाचं बोलायचं नसतं, हा काकांचा जपानी नियम. दुसऱ्या भेटीतही नसतं. गॅलरीच्या मालकीणबाई कॅरल यांना पहिल्यांदा कार्ड मिळालं, दुसऱ्यांदा रेशमी रुमालात बांधलेला चिवडा, तिसऱ्यांदा हवापाण्याच्या गप्पा. चित्र तिन्ही वेळा माझ्या गाडीच्या डिकीत! मी म्हटलं, काका, इथे लोक थेट मुद्द्यावर येतात. ते म्हणाले, "ओळख पिकू दे गं."

चौथ्या भेटीला विमानाला आठच दिवस उरले होते. कॅरलनं वैतागून विचारलं, तुम्ही नक्की विकता काय, वॉटर फिल्टर? काका वाकले आणि पुढच्या वेळी सांगतो म्हणाले. मी कपाळावर हात मारला, धावत जाऊन चित्र आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं.

खिडकीशी बसून दाराकडे बघणारी एक बाई. कॅरल बघतच राहिली. मग कोपऱ्यातली भिंत दाखवून म्हणाली, इथे लावू. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं! तिनं किंमत विचारली, तर काका म्हणाले, विकायचं नाही, नुसतं लावायचंय.

माझं डोकंच फिरलं. "काका, मग एवढा खटाटोप कशासाठी?"

"ही आमची सुमन," काका हळूच म्हणाले. "गेली गं ती. ओसाकात मी दिवसभर लोकांपुढे वाकत होतो, आणि ही घरात एकटी. माणसांची फार हौस हिला. बारा वर्षांत कोणी आलं नाही. इथे रोज येतील."

मी कॅरलला हे इंग्रजीत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कोपरा सोडला आणि चित्र दारासमोर लावलं, आत येणारं माणूस सुमनकाकूंना आधी दिसेल असं.