जपून ठेवलेली चावी

कव्हरकाकांनी चावीचं बटण दाबलं आणि गाडी ढिम्म राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं, मग दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं, मग चावी शर्टाला पुसून दाबलं. गाडी इमारतीपुढे धुऊनपुसून, चकचकीत आणि कुलूपबंद उभी होती. शेजारी काकू नव्या पांढऱ्या बुटांत उभ्या होत्या. हे बूट त्यांनी खास ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी घेतले होते. परीक्षा दहा वाजता होती, घरच्याच गाडीवर द्यायची होती आणि काकूंचा हा तिसरा प्रयत्न होता.

पन्नाशी उलटल्यावर काकूंना गाडी शिकायची हौस आली नव्हती, गरज पडली होती. त्यांची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. काका तिकडे न्यायचे, नाही असं नाही. पण गेल्यावर ते सोफ्याच्या कडेवर टेकायचे आणि गप्पा जरा रंगात आल्या की गाडी उन्हात असल्याची आठवण करून द्यायचे. एकदा तरी आपण होऊन बहिणीकडे जावं आणि उठावंसं वाटेपर्यंत बसावं, एवढीच काकूंची इच्छा होती.

काकांना अख्खी इमारत कव्हरकाका म्हणायची, तेही लाडाने. वस्तू आणली की तिला आधी प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड, हा त्यांचा नियम होता. घरातला टीव्हीचा रिमोट असा काही गुंडाळलेला होता, की आवाज वाढवायचा तर एकाने धरायचा आणि दुसऱ्याने दाबायचा. गाडीच्या चावीवरची पिशवी वापरून विरली होती. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला नवी, चांगली जाड पिशवी घातली आणि एकाऐवजी दोन रबरबँड आवळून बसवले.

"दुसरी चावी आणा ना," काकू म्हणाल्या.

दुसरी चावी कपाटात होती. गाडी घेतल्या दिवसापासून तिला हात लागला नव्हता. काका तीन मजले चढून गेले आणि ती घेऊन आले. तीही मेलेली निघाली. पिशवीतल्या पिशवीत, रबरबँडच्या मिठीत, वापर न होताच बिचारीने प्राण सोडला होता.

आता दोन्ही चाव्या एकदम कशा बिघडतील, तेव्हा दोष गाडीतच असणार, असं काकांचं मत पडलं. काकूंचं मत निराळं होतं आणि ते त्यांनी बुटांकडे बघत सांगितलं.

"मी गाडीला हात लावलेला तुम्हाला नकोच होता. तसं सरळ सांगायचं होतं."

काका गडबडले. असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. उलट रात्रभर त्यांनाच झोप लागली नव्हती. पण हे बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी काकूंच्या भावाला फोन लावला.

काकूंचा भाऊ म्हणजे घरातला सर्वज्ञ. त्याच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दल तो अगदी मोकळ्या मनाने बोलू शकायचा. तो म्हणाला, चावीतला सेल बदला. आत एक साधी किल्लीही लपवलेली असते, ती कशी काढायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका गाडीतच होती, न उघडलेल्या पिशवीत.

दोघं वर गेली. काकांनी रोजच्या चावीचे रबरबँड सोडवले, पिशवी काढली, नाण्याने चावी उघडली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल काढून तिच्यात बसवला. चावीवरचा बारीक दिवा लागला. त्यांनी खिडकीतून बटण दाबलं तशी खाली गाडीने दोन्ही डोळे मिचकावले. काकूंना एकदम हायसं वाटलं. काकांनी चावी पिशवीत घातली, दोन्ही रबरबँड चढवले आणि दोघं खाली आली. घराबाहेर पडताना माणूस चपला घालतो, तसंच ते हातासरशी झालं.

एव्हाना गाडीने आपलं आपण पुन्हा कुलूप लावून घेतलं होतं. काकांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म.

पुन्हा वर. पुन्हा पिशवी काढून सेल तपासला, पुन्हा खिडकीतून बटण दाबलं आणि गाडीने पुन्हा आज्ञाधारकपणे डोळे मिचकावले. पुन्हा पिशवी, पुन्हा जिना, पुन्हा ढिम्म. काकांना धाप लागली आणि काकूंचे बूट आता पांढरे राहिले नाहीत.

काकांनी पुन्हा सर्वज्ञाला फोन लावला. "भाऊजी, सोपं आहे. अँटेना छतावर असतो ना, म्हणून सिग्नल वरूनच पोचतो. तुम्ही वरून दाबा, ताईला खाली उभी करा."

हे इतकं पटण्यासारखं होतं, की दोघांनाही पटलं. काकू दाराच्या मुठीला हात लावून खाली उभ्या राहिल्या. काकांनी तिसऱ्या मजल्यावरून बटण दाबलं, गाडी उघडली आणि काकू झटकन आत बसल्या. आता चावी खाली टाकायची होती. तिला लागू नये म्हणून काकांनी तिला पिशवीत घातलं, रबरबँड लावले, वर एक हातरुमाल बांधला आणि देवाचं नाव घेऊन सोडली. काकूंनी दारातून अर्धं बाहेर येऊन ती पदरात झेलली, रुमाल सोडला, ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी सुरू करायचं बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली: चावी सापडली नाही.

चावी काकूंच्या हातात होती. परीक्षा हुकल्याचं बहिणीला कसं सांगायचं, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं. मग त्यांना राग आला, आणि तो नेमका पिशवीवर आला. त्यांनी रबरबँड ओरबाडून काढले, जाड पिशवी दातांनी फाडली आणि चावी उघडीवाघडी मांडीवर आपटली. पुन्हा बटण दाबलं तर गाडी गुरगुरत सुरू झाली.

काका धापा टाकत खाली आले आणि शेजारी बसले. काकूंनी चावी त्यांच्यापुढे धरली. कुलूप लावायच्या बटणावर रबरबँडाचा आडवा वळ उमटला होता. ते बटण दिवसरात्र दाबलेलंच राहत होतं आणि सेल संपवत होतं. एकीकडे चावी सारखी 'बंद हो' म्हणत होती, मग काकांचं 'उघड' कुणाच्या कानावर जाणार?

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"नवा रबर कालच लावला," ते म्हणाले. "आज चावी तुझ्या पर्समध्ये जायची होती. घासली असती."

काकूंनी एक वाक्य तयार ठेवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब त्यात मावला असता. त्यांनी शेजारी पाहिलं. काकांनी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठांतल्या ओठांत ते गिअर, आरसा, इंडिकेटर असं पुटपुटत होते. रात्रभर त्यांचं हेच चाललं होतं, हे काकूंना आत्ता कळलं. ते वाक्य त्यांनी गिळून टाकलं आणि सिग्नल सुटल्यावर गाडी अलगद पुढे काढली.

काकू पास झाल्या. दोन खांबांमधून गाडी उलटी घेताना त्या एकदाही अडखळल्या नाहीत. सकाळपासून एवढं झाल्यावर दोन खांबांचं काय भय वाटणार?

लायसन्स घरी आलं तोवर काकांनी घरातली सगळी कव्हरं उतरवून टाकली होती. टीव्हीचा रिमोट उघडा पडलेला बघून त्यांना कसंसंच व्हायचं, पण ते नजर वळवायचे. त्या दिवशी काकू एकट्याच बहिणीकडे गेल्या आणि दिवेलागणीनंतर परतल्या. त्यांनी पर्समधून लायसन्स काढलं, दिव्याखाली धरून पाहिलं, मग खण उघडून एक जाड पिशवी शोधली. लायसन्स तिच्यात नीट बसवलं आणि वर दोन रबरबँड आवळले.

काका बघतच राहिले. "अगं, आता कव्हर कशाला?"

"असू दे," काकू म्हणाल्या. "याला बटण नाही."