बसलेल्या बाईचा फोटो

वसमतच्या पेपरची फोटोग्राफर राधिका साखरा गावात पोचली, तेव्हा चंद्रभागाबाई मेंढरांच्या लेंड्या झाडून नुकत्याच बाजेवर टेकत होत्या.

"मावशी, महिला दिनाला दरवर्षी तेच छापतात. डोक्यावर हंडा अन् रडका चेहरा," राधिका म्हणाली. "मला तसला फोटो नको. तुम्ही मेंढा खांद्यावर घ्या. ताकद दिसली पाहिजे."

"त्याच्यापक्षा हंडा परवडला की, माय."

तरी त्यांनी मेंढा उचलला. आधी ऊन आडवं आलं, मग मेंढ्यानं पदर चावला. तिसऱ्या खेपेला त्यानं खाली उडी मारून शिवार गाठलं आणि नवरा, नामाजी, त्याच्यामागं धावला. चंद्रभागाबाई मटकन बाजेवर बसल्या.

"आता उभं राहणं होत न्हाई. काढायचा तर असाच काढ."

"बसलेला?"

"काहून? बसलेली बाई येत न्हाई का तुज्या डब्यात?"

खरंच, नुसती बसलेली बाई राधिकानं कुठल्याच पुरवणीत पाहिली नव्हती. तेवढ्यात मेंढा बांधून नामाजीनं पाहुणीसाठी चहा केला आणि एक कप बायकोलाही दिला. चंद्रभागाबाईंनी पाय लांब केले, बशीत फुंकर घातली. राधिकानं बटण दाबलं. खाली ओळ लिहून दिली, 'विसावा'.

पेपरच्या कचेरीत कुणाला तरी ती ओळ चुकीची वाटली. दिवसाढवळ्या बाई बाजेवर, अन् नवरा चहा देतोय! त्यानं ती सुधारली, 'आजारी पत्नीची सेवा करणारे आदर्श पती नामाजी'.

पेपर आला त्या सकाळी नामाजीची थोरली बहीण सखुबाई गोरेगावहून जीपभर सोयरे आणि बिस्किटपुडे घेऊन उतरली.

"चंद्रभागा, काय झालं वं?"

"काई न्हाई, आक्का. बसले व्हते."

"उगंच कोन बसतं का? लपवू नको."

मागोमाग सरपंच शाल घेऊन आले. नामाजीचा सत्कार झाला. "करावं लागते. आपलंच माणूस हाय," तो खुर्चीवरून सांगत होता. चंद्रभागाबाई आत तिसरं आधण ठेवत होत्या. मेंढरं ओरडत होती, लेंड्या तशाच पडल्या होत्या.

राधिकाचा फोन आला. "मावशी, फार चूक झाली हो. उद्याच दुरुस्ती छापायला लावते."

एवढ्यात सखुबाईनं त्यांच्या हातातली सांडशी हिसकली. "अशा तब्येतीत चुलीपुढं? जा, पड गुमान. अन् नामाजी, ती शाल ठेव, लेंड्या भर! लोकं पाहून राहिले."

सरपंचांसमोर आदर्श पतीला नाही म्हणता येईना. त्यानं पाटी उचलली.

चंद्रभागाबाईंनी ते दारातून जरा वेळ पाहिलं. मग त्या बाजेवर आडव्या झाल्या, गोधडी ओढली आणि फोनमध्ये हळूच म्हणाल्या, "पोरी, दुरुस्तीची घाई करू नको. या आठवड्यात काई मला बरं वाटत न्हाई."