आधी लिव, मग चल

तावडेकाका स्वतःच्या बायकोलाही वहीत नाव लिहिल्याशिवाय फाटकातून आत सोडत नसत. भाजीची पिशवी घेऊन काकी उन्हात उभ्या, आणि हे स्टुलावर बसून विचारणार, "कुणाकडे जायचा आसा?"

"तुमच्याकडेच! आणखी खय जातलंय?" काकी करवादायच्या. तरी सही करावी लागायचीच.

मुलुंडच्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत त्या उन्हाळ्यात बाबू साळवीला भरदुपारी त्याच्या दारात गोळ्या घातल्या. बाबू कारखान्यात युनियनचं काम करायचा. आता ते काम त्याचा भाऊ बघत होता, त्याच घरात राहत होता, आणि मारेकरी सापडले नव्हते. ते परत येणार या धास्तीने लोक दिवसाढवळ्या दारं लावून बसायचे. रखवालदार द्या म्हणून आम्ही बोर्डाकडे अर्ज केला. उत्तर येईना. तेव्हा गिरणीच्या संपापासून घरी बसलेले तावडेकाका एक लांबडी वही घेऊन फाटकाशी बसले.

गंमत म्हणजे याआधी हा माणूस अगदी उलटा. कुणी पत्ता विचारला की नुसता सांगायचे नाहीत, गावच्या रीतीने दारापर्यंत पोचवायचे, वर त्या घरात "चाय टाका" म्हणून सांगून यायचे. आता पोस्टमनलाही सूट नाही. "वळख आसा म्हणान काय झाला? आधी लिव, मग चल." मला भयंकर राग यायचा. मी कामाच्या रकान्यात 'जेवणे', 'झोपणे' असं काहीबाही लिहायचो. काका चष्मा लावून वाचायचे आणि फाटक उघडायचे.

एका रविवारी दुपारी मी नाव लिहीत असतानाच दोन अनोळखी माणसं आली. "साळवींचं घर कुठलं?"

काकांनी फाटकाला कडी घातली. "नाव लिवा. पिशयेत काय आसा?"

"ते वहिनींच्याच हातात द्यायचंय."

"हय उघडा."

"अहो, सांगितलं ना एकदा!" म्हणत एकाने पिशवी पोटाशी धरली. वरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. साठीचा तो काटकुळा माणूस मात्र फाटकाच्या गजांना धरून तसाच उभा. शेवटी पिशवी उघडली. आत बाबूचा स्टीलचा डबा आणि चपला.

"त्याच्या कपाटातनं काढल्या," तो माणूस म्हणाला. "आम्ही त्याच्याच खात्यातले." त्याचे डोळे भरून आले होते.

दोघं सह्या करून वर गेले आणि मी काकांवर उखडलो. "काय काका तुम्ही! साधी माणसं आहेत, दिसत नाही का?"

काकांनी वहीचं पहिलं पान काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर काकांनी मागाहून लिहिलेली नोंद होती, बाबू गेला त्या दिवसाच्या तारखेची. दोन इसम. नावं विचारली नाहीत. कुणाकडे: बाबू साळवी. आत कुणी सोडलं: तावडे.

"ते पण साधेच दिसले रे," काका म्हणाले. "मी वरपर्यंत नेऊन सोडलंय. कडी पण मीच वाजवलंय. पोलिसांक सांगलंय सगळा. बाबूच्या बायलेक सांगूक तोंड नाय."

त्या रविवारच्या पानावर माझ्या नावापुढे मी नुकतंच 'झोपणे' लिहिलं होतं. ते खोडून 'काकांसोबत बसणे' असं लिहिलं, आणि फाटकाच्या कट्ट्यावर बसलो.