परवलीचा शब्द जमा केल्याची हकीकत

श्री ग्रंथदेवता कृपाळू असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी एका विद्यानगरीत जे वर्तमान घडले, ते आठवते तैसे लिहिले आहे.

नगरीचे ग्रंथभांडार थोर. पूर्वी तेथे लाकडी खणांत कार्डे असत, डांबरगोळ्यांचा वास असे, आणि कोणते पुस्तक कोणत्या फळीवर हे ग्रंथपाल वामनराव दिघे डोळे मिटून सांगत. मग काळ फिरला आणि सातासमुद्रापलीकडील व्यापाऱ्यांशी करार जाहला आणि हजारो नियतकालिके संगणकात येऊन बसली, आणि दूरगावच्या अभ्यासकांनी ती घरबसल्या वाचावी म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द द्यावा, ऐसे कुलगुरूंचे फर्मान सुटले. वामनरावांनी फर्मान शिरसावंद्य मानिले आणि शब्द दिले. परंतु तीस वर्षे पुस्तके दिली तैसेच दिले. नोंदवहीत सही, पंधरा दिवसांची मुदत, आणि मुदत भरताच शब्द बंद. पुन्हा हवा तर आधी खिडकीवर समक्ष जमा करावा.

घाटापलीकडे, आठ तासांच्या वाटेवर, शेवंताबाई लोणकर नामे शिक्षिका राहत होत्या. वय बावन्न, सासूबाई खुब्याचे हाड मोडून अंथरुणावर, आणि सात वर्षे खपून लिहिलेला प्रबंध दोन दिवसांत संगणकावरून दाखल न केल्यास नोंदणी रद्द. एकच लेख वाचणे उरले होते, त्यावाचून मार्गदर्शक सही करीनात, आणि नेमका तेव्हाच शब्द बंद पडला. बाईंनी फोन करून विनविले, की शब्द काय पिशवीत घालून आणायची वस्तू आहे, तो माझ्या डोक्यात आहे. वामनराव शांतपणे बोलिले, "मग डोक्यासकट या, बाई."

बाई हताश होऊन बसल्या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जा गं तू. माझं हाड महिनाभरानं जुळलं तरी चालेल." मग नणंदेस घरी बसवून बाई पहाटेच्या एसटीने निघाल्या आणि दुपारी खिडकीवर उभ्या राहिल्या. वामनरावांनी शब्द चिठीवर लिहवून घेतला, चिठी कोठे फाटली नाही ना ते उजेडात पाहिले आणि 'परत' ऐसा शिक्का मारिला. मग सांगितले, की परत आलेली वस्तू एक दिवस फळीवर ठेवावी लागते, दुसऱ्या वाचकास हवी असेल तर.

"माझा शब्द आणखी कोणाला हवाय, वामनराव?"

"ते उद्या कळेल."

बाईंनी रडे आवरिले आणि विचारिले, की फळीवरची वस्तू येथेच बसून वाचता येते की नाही. वामनरावांनी नियम चाळिले. मनाई कोठेच नव्हती. तेव्हा त्यांनी चिठी तबकात घालून स्वहस्ते संगणकापाशी नेली आणि कोपरा दुमडू नये ऐसे बजाविले. बाईंनी लेखाचे नाव टंकिले आणि लेख आपोआप उघडला. कारण व्यापाऱ्यांच्या करारात भिंतींच्या आत बसणाऱ्यास परवली लागतच नव्हती. बाई हे कोणास बोलिल्या नाहीत, न जाणो त्यावरही नियम निघायचा. दोन तासांत लेख वाचिला, टिपणे घेतली, चिठी न दुमडता परत केली आणि घर गाठिले, आणि दुसरे दिवशी मार्गदर्शकांची सही होऊन प्रबंध दाखल जाहला.

येणेप्रमाणे फर्मानाचा अंमल जाहला. वर्षअखेर वामनरावांनी दरबारी लिहून धाडिले, की दूरस्थ वाचनाची सोय उत्तम चालली आहे. घाटापलीकडील एक बाई खास येऊन तिचा लाभ घेऊन गेल्या.