पाठमोरा फ्रीज

दिगंबर राऊतच्या घरी फ्रीज पाठमोरा उभा आहे. दार भिंतीकडे, आणि मागची काळी जाळी, नळ्या, कॉम्प्रेसर हा सगळा संसार येणाऱ्या-जाणाऱ्याकडे. दूध काढायचं तर फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आडवं शिरावं लागतं. त्याची बायको सुनंदा शिरते आणि आतून मला म्हणते, "लग्नात मधे अंतरपाट होता ना गुरुजी, म्हणून मला वेळेवर काही दिसलं नाही."

दिगंबर नागावच्या शाळेतला माझा विद्यार्थी. पुण्यात संगणकाच्या कंपनीत वीसेक वर्षं काढून तो आपल्या नारळ-सुपारीच्या वाडीत परत आला. कुणाकडेही गेला की आधी चालू यंत्राच्या पाठीला पालथा हात लावतो, मग माणसांची चौकशी. "तुमचा मिक्सर कण्हतोय," म्हणतो. "झाकू नका, गुरुजी. आत काय चाललंय ते बाहेर दिसलं पाहिजे." हे त्याचं पालुपद.

एकदा आम्ही आगरदांड्याहून दिघीला चाललो होतो. हा बोटीत चढला तो थेट इंजिनाकडे.

"तापमान किती आहे?"

"काका, बोट हाय ती, पेशंट न्हाय," इंजिनवाला म्हणाला.

दिघी येईपर्यंत दिगंबर त्याला समजावत होता. आम्ही उतरलो तेव्हा तो इंजिनवाला आपला आपण इंजिनाला पालथा हात लावून बघत होता.

घरी बसून दिगंबर जे काम करतो ते गावात कुणाला कळत नाही. जगभरची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितात आणि फुकट वाटतात, तिच्या कर्नलमध्ये हा भर घालतो. मी विचारलं तेव्हा त्याने मला देवळात नेलं. "हा गाभारा म्हणजे कर्नल. आत फक्त पुजारी जाणार. आता चिप किती तापली, पंखा किती फिरतोय, दमून तिने वेग किती वेळा कमी केला, हे चिप स्वतःच मोजत असते. पण ते आत. मी एवढंच करतो, पुजाऱ्याने आतलं वाचून बाहेरच्या फळ्यावर लिहावं. मग कुणीही वाचा."

"पण वाचायचंय कुणाला?" मी म्हणालो.

तो इतका दुखावला की प्रसाद न घेताच बाहेर पडला.

आमच्या वाचनालयात एक जुना संगणक होता. त्याच्यातल्या चिपचे आकडे बाहेर आणणारा प्रोग्रॅम कुणी लिहिलेलाच नव्हता. दिगंबरने लिहिला आणि त्या जगभरच्या मंडळींना पाठवला. त्यांच्याकडून तो प्रोग्रॅम दुरुस्तीसाठी सारखा परत यायचा. एकदा कुणीतरी कळवलं, हे सगळे आकडे सगळ्यांना उघडे ठेवू नका, यंत्राच्या आकड्यांवरून त्यावर कोण काय करतंय तेही ओळखता येतं. दिगंबरने दोन दिवस ताटातल्या बोंबलाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर हजर. "बरोबर आहे त्यांचं, गुरुजी. काही आकडे मालकालाच दिसावेत." आयुष्यात एवढीच माघार त्याने घेतली, असं मी समजत होतो.

आता माझ्याबद्दल सांगतो. आमची पिढी झाकणारी. आम्ही पेटी झाकली, रेडिओ झाकला, टीव्हीला झालरीचं झबलं घातलं. समुद्राचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून माझ्या पत्नीने, सुमनने, वाचनालयाच्या संगणकालाही जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. दिगंबरचं त्या कव्हराशी वैर. "बंद असताना घाला. चालू असताना नको."

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुमनला जाऊन तीन महिने झाले होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया लग्नात धवळे गातात, त्यांची रेकॉर्डिंग्ज आम्ही जमवली होती आणि त्यांतली खरखर काढायचं काम संगणकावर अखंड चालू होतं. दिगंबरने आदल्या दिवशीच आपला प्रोग्रॅम त्यात बसवला होता. दुपारी वारा सुटला, खिडकीतून वाळू यायला लागली. मी जेवायला निघालो होतो. चालू संगणकावर ते कव्हर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं, आणि घरी गेलो.

परत आलो तर जळका वास. संगणक गार पडलेला, म्हणजे कायमचा. मी कव्हर काढलं, घडी घातली, पिशवीत टाकलं, आणि मग लोकांना हाक मारली.

वाचनालयाचे अध्यक्ष बाबू घरत यांनी सभा बोलावली. "काल यानं आत कायतरी घातलं, आज मशीन मेली. आमच्या पंपाला कोनी असला परोग्राम लावला न्हाय, त्यो वीस वर्सं चालतोय!"

कार्यवाह मी. इतिवृत्ताची वही माझ्यापुढे. दिगंबरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असेल, माझंच काही चुकलं असेल." मी लिहिलं, "श्री. दिगंबर राऊत यांच्या प्रोग्रॅममुळे संगणक जळाला." अक्षर सुरेख आलं. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

त्याने डिस्क घरी नेऊन सगळे धवळे वाचवले आणि आणून दिले. आभार कुणी मानले नाहीत. पुढे शाळेने त्याला आपल्या संगणकांना हात लावू दिला नाही. लोक त्याला बघून मोबाइल खिशात घालायचे. वाचनालयाची पायरी तो चढेनासा झाला. माझ्याकडे मात्र दर रविवारी शहाळं घेऊन यायचा, टीव्हीच्या पाठीला हात लावायचा, बसायचा. ते शहाळं मला कधी गोड लागलं नाही.

गेल्या महिन्यात सुनंदाने पेढे आणले. त्या जगभरच्या मंडळींनी त्याचा प्रोग्रॅम अखेर कर्नलमध्ये घेतला होता. मी पेढा हातात धरून बसलो, खाता आला नाही. त्याच आठवड्यात वाचनालयाची सभा होती. मी दिगंबरला बळेच नेलं, सुमनचं कव्हर टेबलावर ठेवलं आणि जसं झालं तसं सांगितलं. वहीतल्या त्या ओळीखाली सगळ्यांसमोर दुरुस्ती लिहून सही केली.

बाबूशेठनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी त्यो संगणक गुदमरून मेला? गुरुजी, आनि तुमी आमाला कापी केली म्हनून छड्या मारायचात!" सभा हसली. मीही हसलो, आणि डोळे पुसले. मग त्यांनी दिगंबरला विचारलं, "आमचा पंप हल्ली आवाज करतोय जरा. बघशील काय?"

दिगंबर मला आपल्या घरी घेऊन गेला. सुनंदा फटीत शिरून कोकम सरबत घेऊन बाहेर आली. त्याने संगणक उघडून एक फाईल लावली. वाचनालयाच्या संगणकाचे त्या दिवशी त्याच्या प्रोग्रॅमने नोंदवलेले नुसते आकडे. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं ठीक, मग तापमान चढत चाललेलं, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय आणि उपयोग काहीच नाही.

"एक दहा," तो म्हणाला. "तुमची जेवायला जायची वेळ. डिस्क घरी आणली त्याच दिवशी वाचलं. फाईल मग फक्त मलाच उघडता येईल अशी करून ठेवली."

"आणि तू, आतलं बाहेर दिसलं पाहिजे म्हणणारा, चार वर्षं गप्प बसलास?"

तो त्या पाठमोऱ्या फ्रीजकडे बघत राहिला.

"कव्हर काकूंनी शिवलेलं होतं, गुरुजी. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. त्यात हे तुमच्या पदरात कुठे घालू? म्हटलं, मालक येईल तेव्हा दाखवू."

मी निघालो. पायरीवर त्याने मला थांबवलं, माझ्या कपाळाला पालथा हात लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"उतरलं," तो म्हणाला.